टेप, वही आणि एक चौक: आपल्या भागातला रस्ता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी सुरक्षित कसा करून घ्यायचा

सकाळी साडेसातची वेळ होती. चौकात एक आजी दुधाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला तशा त्या निघाल्या. निम्म्याच्या थोड्या पुढे गेल्या असतील, तोच दिवा लाल झाला आणि दुचाकींचा लोंढा सुटला. आजी जागच्या जागी थिजल्या. एका रिक्षावाल्याने हात बाहेर काढून मागच्यांना थोपवलं, म्हणून त्या पलीकडे पोचल्या.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. रस्ता १४ मीटर रुंद, चालणाऱ्यांचा हिरवा दिवा ११ सेकंद. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. सिग्नलची वेळ ठरवताना अभियंतेही हाच आकडा धरतात. म्हणजे त्यालासुद्धा जवळजवळ १२ सेकंद लागणार. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या बाईंचा वेग ०.८ मीटर धरला तर साडेसतरा सेकंद. आजींनी कितीही नियम पाळले असते, तरी त्या चौकात त्यांना वेळेत पलीकडे जाणं शक्यच नव्हतं.

अपघातांचा विषय निघाला की आपण लगेच ‘लोकांना शिस्तच नाही’ यावर येतो. मला आता ते वाक्य ऐकवत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला जवळपास नव्वद. एवढी सगळी माणसं बेशिस्तीने मेली असं म्हणणं निर्दयपणाचं आहे. रस्त्याची रुंदी, कोपऱ्याची गोलाई, दिव्याचे सेकंद, फुटपाथची उंची हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ठरवलेलं बदलून घेता येतं. पुण्यातल्या आमच्या भागात आम्ही चार-पाच शेजारी काही वर्षं हेच करतो आहोत. ते कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठेही असलात तरी खात्यांची नावं थोडीफार बदलतील, वाट हीच राहील.

एकच जागा धरा

‘आमच्या प्रभागातले सर्व रस्ते सुरक्षित करावेत’ असा अर्ज आम्हीही सुरुवातीला दिला होता. त्याचं काहीच झालं नाही, आणि होणारही नव्हतं, कारण असं काम नेमकं कुणाच्याच टेबलावरचं नसतं. एक चौक किंवा फार तर दोनशे मीटरचा रस्ता निवडा. शाळेचं फाटक, मंडईचं तोंड, दवाखान्यासमोरचा बसथांबा अशी जागा असेल तर उत्तम, कारण तिथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं रोज येतात आणि त्यांच्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

जागा निवडण्याआधी चहाच्या टपरीवाल्याला, शाळेच्या शिपायाला आणि रिक्षा स्टँडवरच्या लोकांना विचारा. गाडीखाली आलेल्यांची नोंद पोलिस चौकीत होते. थोडक्यात वाचलेल्यांची नोंद या लोकांच्या डोक्यात असते. आमच्या भाजीवाल्या मावशींनी बोट दाखवून सांगितलं होतं, “हितं, ह्या लायटीच्या डीपीच्या मागं. पोरं डीपीच्या आडून येत्यात आन् गाडीवाल्याला दिसतच नाहीत.” अभियंता ज्याला दृष्टीअडथळा म्हणतो तो हाच.

चालून बघा, पण एकटे नको

तुम्ही त्या रस्त्यावरून हजारदा गेलेले असता, म्हणून तुम्हाला त्यातलं काही दिसत नाही. सोबत काठी घेऊन चालणारं कुणीतरी घ्या, बाबागाडी ढकलणारी एखादी आई घ्या, सातवी-आठवीतलं सायकलवर शाळेत जाणारं पोर घ्या. त्यांना पुढे चालू द्या आणि तुम्ही मागून बघत राहा. जिथे जिथे ते फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतील, तिथे खडूने फुली मारा आणि का उतरलात ते विचारून वहीत लिहा.

आमच्या पहिल्या फेरीत शेजारच्या काकांनी साठ मीटरांत नऊ वेळा फुटपाथ सोडला. अतिक्रमण त्यातल्या दोनच ठिकाणी होतं. बाकी सगळीकडे सोसायट्यांची फाटकं होती. प्रत्येक फाटकापाशी गाडी आत न्यायला फुटपाथ कापून खाली आणलेला, पुढे पुन्हा गुडघ्याइतकी पायरी. काका म्हणाले, “हा फुटपाथ म्हणजे जिनाच आहे.” त्यांनी फुटपाथ वापरणं सोडलं होतं आणि आम्ही इतकी वर्षं त्यांना रस्त्याच्या कडेने चालतात म्हणून टोकत होतो.

हीच फेरी रात्री आठनंतर पुन्हा करा. दिव्याचा खांब झाडात गेलेला असतो आणि उजेड सगळा फांद्यांवर पडतो, खाली अंधार. पहिला जोराचा पाऊस पडला की त्याच दिवशी तिसरी फेरी करा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच कळतं, आणि जिथे पाणी साचतं तिथे चालणारा माणूस रस्त्याच्या मध्ये ढकलला जातो.

मोजा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. भावनेने लिहिलेला अर्ज बाजूला ठेवता येतो, मोजमापाचा अर्ज ठेवणं जड जातं. सामान फार लागत नाही: पाच मीटरचा टेप, खडू, वही आणि मोबाईल.

फुटपाथ मोजताना भिंतीपासून कर्बपर्यंतची, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेपर्यंतची, रुंदी मोजू नका. झाड, खांब, विजेची पेटी, जाहिरातीचा फलक वगळून माणसाला चालायला सलग किती जागा उरते ते मोजा. देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचं पादचाऱ्यांच्या सोयींसाठी १०३ क्रमांकाचं मानक आहे. त्यात ही मोकळी रुंदी निदान १.८ मीटर सांगितली आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडू शकाव्यात, हा त्यामागचा हिशेब. बाजारपेठेत ती याहून जास्त हवी. फुटपाथची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभराहूनही कमी, यापेक्षा जास्त नको. उंच फुटपाथ ‘मजबूत’ दिसतो म्हणून बांधतात, पण त्यावर म्हातारं माणूस चढत नाही. उताराचा रॅम्प १ ला १२ या प्रमाणात हवा, १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी.

मग ओलांडायचं अंतर. कर्बपासून कर्बपर्यंत किती मीटर, मध्ये थांबायला जागा आहे का, असेल तर किती रुंद. सायकल साधारण १.८ मीटर लांब असते, त्यामुळे दुभाजकातली थांबायची जागा दोन मीटर नसेल तर सायकलचं एक चाक वाहत्या रस्त्यात राहतं. सिग्नल असेल तर चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद असतो ते गर्दीच्या वेळी, दुपारी आणि रात्री मोजा. तिन्ही वेळा आकडा वेगळा निघू शकतो.

वेग मोजायला रडार लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने २५ मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खडूच्या ठळक रेघा मारा. फुटपाथवर, रस्त्यापासून मागे उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि घरी जाऊन बघा. ते अंतर गाडीने ३ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३० किलोमीटर, २ सेकंदांत कापलं तर ४५, आणि १.८ सेकंदांत कापलं तर ५०. गर्दी नसताना, म्हणजे सकाळी सहा-सातला किंवा रात्री दहाला, शंभर गाड्या मोजा. कोंडीच्या वेळी मोजलात तर सगळं आलबेल दिसेल. गाड्यांचे नंबर लिहायचे नाहीत, आपण कुणाला पकडायला बसलेलो नाही.

या ३० आणि ५० मध्ये किती फरक आहे ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढे प्रत्येक बैठकीत तो सांगावा लागतो. समोर मूल आलेलं दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला चालकाला एक सेकंद लागतो असं धरा. ताशी ३० च्या वेगाला त्या सेकंदात गाडी आठ-एक मीटर जाते आणि ब्रेक लागून एकूण सुमारे १३ मीटरांत थांबते. ताशी ५० च्या वेगाला पहिले १४ मीटर ब्रेक लागायच्या आतच जातात, थांबेपर्यंत २८ मीटर होतात. म्हणजे तेरा मीटरवर असलेलं मूल एका गाडीपुढे वाचतं, आणि दुसरी गाडी त्याला पूर्ण वेगाने धडकते. वस्तीतल्या रस्त्यावर हा वीस किलोमीटरचा फरक करून एखादं मिनिट वाचत असेल.

शेवटी माणसं मोजा. एका तासात किती जण चालत ओलांडतात, त्यात मुलं किती, म्हातारी माणसं किती, सायकली किती, गाड्या किती. दर पाचाला आडवी रेघ, आपण लहानपणी मोजायचो तसं. शाळेतली मुलं हे काम फार मनापासून करतात.

नेमकं काय मागायचं

कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो: “मग काय करायचं म्हणता?” तिथे गप्प बसलात तर गतिरोधक मिळतो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. गतिरोधक वाईट नाही, पण तो नीट असायला हवा. मानकातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडी ताशी २५ ला त्यावरून आरामात जाते आणि त्याहून जास्त वेगाला हादरते. आपल्याकडे रात्रीत ओतलेला अरुंद उंचवटा दिसतो तो कंबरदुखी देतो आणि सायकलवाल्याला पाडतो. तसला मागू नका.

मला विचाराल तर सगळ्यात आधी कोपरे मागा. आपल्याकडे चौकाचे कोपरे मोठे गोल करून ठेवलेले असतात आणि त्यावर ‘फ्री लेफ्ट’ लिहिलेलं असतं. मोठ्या गोलाईवर गाडी वेग न कमी करता डावीकडे वळते, आणि चालणारा नेमका तिथेच रस्त्यात पाऊल टाकतो. कोपरा पुढे आणून वळण आवळलं की दोन गोष्टी एकदम साधतात: गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि ओलांडायचं अंतर दोन-तीन मीटरने कमी होतं. बसचा मार्ग त्या वळणावरून जात असेल तर तेवढी जागा ठेवावी लागते, ते मात्र अभियंत्याबरोबर बसून तपासा.

त्यानंतर उंचावलेलं क्रॉसिंग. झेब्राचा सगळा पट्टाच फुटपाथच्या पातळीला उचलतात. गाडीला चढून उतरावं लागतं, व्हीलचेअर आणि बाबागाडी सपाट जाते, पावसाचं पाणी क्रॉसिंगवर साचत नाही. शाळेसमोर याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही. फक्त कडेने पाणी वाहून जायला वाट ठेवली आहे ना, ते नकाशातच बघा, नाहीतर पहिल्या पावसात दुकानदार ते तोडायला लावतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

सिग्नलच्या चौकात चालणाऱ्यांची वेळ सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या हिशेबाने मागा. गाड्यांना हिरवा मिळायच्या चार-पाच सेकंद आधी चालणाऱ्यांना हिरवा द्यायला सांगा. लोक रस्त्यात उतरलेले दिसले की वळणारा चालक थांबतो. याला सिमेंट लागत नाही, खर्च जवळपास शून्य. आमच्या त्या चौकातला आकडा चौथ्या महिन्यात ११ वरून १८ झाला.

झेब्राच्या आधी निदान पाच मीटरपर्यंत गाड्या उभ्या राहू देऊ नका. उभ्या गाडीमागून बाहेर येणारं मूल दिसत नाही आणि मुलालाही काही दिसत नाही. नुसता ‘नो पार्किंग’चा फलक तिथे टिकत नाही, तेवढी जागा फुटपाथ पुढे वाढवून भरून टाका किंवा खांब रोवा. दोन खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल पण दुचाकी जाताना अडखळेल इतकं अंतर ठेवणं अवघड असतं. आम्ही शेवटी घरून व्हीलचेअर नेऊन जागेवरच ठरवलं.

पादचारी पूल आणि भुयारी मार्ग मात्र सहसा मागू नका, कुणी देऊ केला तरी आधी विचारा. हमरस्ता किंवा रेल्वेमार्ग असेल तर गोष्ट वेगळी. वस्तीतल्या रस्त्यावर पूल म्हणजे गाड्या सरळ जाव्यात म्हणून आजींनी चाळीस-पन्नास पायऱ्या चढायच्या. त्या चढत नाहीत, खालूनच जातात, आणि मग खाली क्रॉसिंग नसल्यामुळे आणखी धोका होतो.

फेरीवाल्यांबद्दल माझं मत बऱ्याच शेजाऱ्यांना पटत नाही, तरी लिहितो. त्यांना हुसकावून रस्ता सुरक्षित होत नाही. रात्री साडेनऊला आमच्या गल्लीत बायका निर्धास्त चालतात त्या त्या भुर्जीच्या गाडीच्या उजेडामुळे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे आणि जागा ठरवायला शहर फेरीवाला समिती आहे. चालायची १.८ मीटरची पट्टी मोकळी ठेवून हातगाड्यांना झाडांच्या रांगेत जागा आखून मागा. मावशी मग आपल्या बाजूने बोलायला येतात.

सायकलीसाठी

पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. २००६ मध्ये बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांचा, पहिला मार्ग झाला तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक बांधले गेले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. तरी मुलांना सायकलवर शाळेत पाठवायची भीती वाटते, कारण ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो. मधल्या सरळ तुकड्यात फारसा धोका नसतो, सायकलवाल्याला सांभाळायला हवं ते चौकात.

म्हणून ट्रॅक मागताना चौकातून सुरुवात करा. ट्रॅक चौक ओलांडून पलीकडच्या ट्रॅकला मिळतो का, तिथे वेगळ्या रंगाचा पट्टा आहे का, वळणारी गाडी हळू होईल अशी रचना आहे का, हे नकाशात दाखवायला सांगा. एका दिशेच्या ट्रॅकला निदान दोन मीटर मोकळी रुंदी हवी. सोसायटीच्या फाटकांपाशी ट्रॅक सपाटच राहावा, गाडीने चढून आत जावं. ट्रॅकच्या तोंडाशी खांबांची भिंत उभारून दुचाकी अडवतात, तिथे सायकलसुद्धा अडते.

वस्तीतल्या आठ-नऊ मीटरच्या रस्त्यावर ट्रॅकचा हट्ट धरू नका. तिथे गाड्यांचा वेग ३० च्या आत आणला की सायकल सगळ्यांबरोबर चालते, आणि वाईट ट्रॅकपेक्षा हे केव्हाही बरं. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांच्यासारखे एकदिशा रस्ते असतील, तर उलट दिशेने जाणाऱ्या सायकलसाठी वेगळी, कर्बने राखलेली पट्टी मागता येते. नाहीतर माणूस दीड किलोमीटरचा वळसा टाळायला समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये शिरतो.

एक लहान गोष्ट, जिच्यापायी माझ्या पुतण्याचा दात तुटला: पावसाळी गटाराच्या लोखंडी जाळ्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या की सायकलचं पुढचं चाक त्यात जातं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. पट्ट्या आडव्या हव्यात. चौकोनी जाळी नुसती उचलून फिरवून बसवता येते, गँगच्या दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम. तुमच्या रस्त्यावरच्या अशा जाळ्या मोजून फोटोसकट यादी द्या.

कुणाच्या टेबलावर जायचं

इथे फार जण अडकतात. फुटपाथ, कर्ब, गतिरोधक, झेब्राचे पट्टे, फलक हे महापालिकेच्या पथ विभागाचं काम. लहान दुरुस्त्या क्षेत्रीय कार्यालयातून होतात. रस्त्यावरचे दिवे विद्युत विभागाकडे, झाडाच्या फांद्या उद्यान विभागाकडे, जाळ्या आणि चेंबरची झाकणं मलनिस्सारण विभागाकडे. पार्किंगची बंदी, एकदिशा वाहतूक, सिग्नलची वेळ यांसाठी वाहतूक पोलिसांची संमती लागते. एकाच अर्जात सगळं लिहिलं की तो अर्ज फिरत राहतो. प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा अर्ज द्या, आणि दुसऱ्या खात्याला दिलेल्या अर्जाची प्रत जोडा.

अर्ज एका पानाचा ठेवा. आम्ही साधारण असा लिहितो:

“विषय: अमुक शाळेसमोर उंचावलेलं क्रॉसिंग करण्याबाबत. वरील ठिकाणी सकाळी ७ ते ८ या वेळेत आम्ही मोजणी केली. एका तासात इतके जण रस्ता ओलांडतात, त्यापैकी इतके विद्यार्थी. ओलांडण्याचे अंतर इतके मीटर, मध्ये थांबण्याची जागा नाही. मोजलेल्या १०० गाड्यांपैकी इतक्या गाड्या ताशी ४५ पेक्षा जास्त वेगाने जात होत्या. सोबत नकाशा, मोजमापाचा तक्ता व सहा फोटो. पुढील आठवड्यात आपल्या सोयीच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता संयुक्त पाहणी ठेवावी, ही विनंती.”

शेवटच्या ओळीला फार महत्त्व आहे. कनिष्ठ अभियंता एकदा जागेवर, खऱ्या गर्दीच्या वेळी येऊन उभा राहिला की निम्मं काम होतं. तोही माणूस आहे, त्याचीही मुलं शाळेत जातात. त्याच्याशी भांडायला जाऊ नका. त्याच्या फायलीला जे कागद लागतात ते त्याला तयार करून द्या. पोच घ्या, आवक क्रमांक वहीत लिहा, आणि मोहल्ला कमिटीच्या बैठकीत तोच क्रमांक वाचून दाखवा.

पैशांचं म्हणाल, तर पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायला सांगते. पावसाळा संपत आला की अर्ज निघतात, मुदत थोडी असते. फुटपाथचा तुकडा, क्रॉसिंग, बाक, दिवे अशी लहान कामं त्यात बसतात. मोजमापं आधीच तयार असली तर एका संध्याकाळी अर्ज भरून होतो.

कायद्याचा आधारही अर्जात एका ओळीत द्या. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अडथळा नसलेल्या आणि अपंगांना वापरता येतील अशा फुटपाथवर चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९८ अ कलमाप्रमाणे रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल सुरक्षेच्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात असाल तर महापालिकेच्या २०१६ च्या पादचारी धोरणाचा उल्लेख करा. धमकीच्या सुरात मात्र लिहू नका. या ओळींमुळे अभियंत्यालाही वरिष्ठांपुढे बोलायला बळ मिळतं.

उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. मंजूर नकाशाची प्रत, कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ते त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) आणि आपल्या अर्जावरच्या टिपणीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

आधी खडूने करून दाखवा

“कोपरा पुढे आणला तर कोंडी होईल,” हे तुम्ही ऐकालच. वाद घालण्यापेक्षा वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन एका रविवारी आणि मग एका कामाच्या दिवशी शंकू, पाण्याने भरलेले ड्रम आणि चुना वापरून तोच कोपरा तात्पुरता आखा. वरून, एखाद्या गच्चीतून, आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ काढा. आमच्याकडे बस वळेल का यावर दोन बैठका गेल्या होत्या. बस वळताना सगळ्यांनी पाहिली आणि तो मुद्दा तिथेच संपला. उलट आमची एक कल्पना याच चाचणीत फसली: दुभाजकाचं टोक पुढे वाढवायचं ठरवलं होतं, पण पाण्याचा टँकर अडकला. सिमेंट ओतायच्या आधी कळलं, हे चांगलंच झालं.

दुकानदारांचा विरोध खरा असतो, त्याला हलक्यात घेऊ नका. त्यांना वाटतं, गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक जाईल. त्यांच्याच दुकानासमोर उभं राहून दिवसभर मोजा: किती गिऱ्हाइकं चालत आली, किती गाडीने. आमच्या रस्त्यावर दुकानासमोर लागलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच सकाळी लागून संध्याकाळी निघत होत्या, म्हणजे त्या दुकानात काम करणाऱ्यांच्याच होत्या. हे मालकांनी स्वतः पाहिल्यावर सूर बदलला. तरीही शंका असेल त्यांना ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर घेऊन जा. २०२१ पासून तिथे पादचारी दिनाला रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो. नाहीतर जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाल्यावर बाकांवर कोण कोण बसलेलं असतं ते दाखवा. बोलण्यापेक्षा बघण्याने जास्त पटतं.

काम चालू असताना घरी बसू नका

मंजुरी मिळाली की सगळे पेढे वाटतात आणि पुढचं ठेकेदारावर सोडतात. आम्हीही एकदा असंच केलं. आठवड्याने जाऊन पाहिलं तर रॅम्प छान झाला होता आणि त्याच्या बरोबर तोंडाशी विजेचा खांब होता. तिथले मुकादम काही वाईट नव्हते, त्यांना कुणी रॅम्प कशासाठी ते सांगितलंच नव्हतं. व्हीलचेअर आणून दाखवल्यावर त्यांनी आपणहून दीड मीटर बाजूला सरकवून पुन्हा बांधला.

रोज दहा मिनिटं जाऊन या. कर्बची उंची टेपने बघा. चेंबरचं झाकण फुटपाथच्या पातळीला येतंय का, झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवली आहे का, पेव्हिंग ब्लॉकखाली नीट कुटाई झाली का, हे बघा. अंधांसाठीच्या पिवळ्या उठावाच्या फरशा कुठे घेऊन जातात ते स्वतः त्यांच्यावर चालून बघा. त्या झाडावर किंवा खांबावर नेऊन सोडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कामगारांसाठी चहा घेऊन जा, आणि त्यांनाच विचारा की पाणी कुठून वाहील. त्यांना बरोबर माहीत असतं.

काम झाल्यावर महिन्याने, त्याच वेळी, त्याच पंचवीस मीटरमध्ये पुन्हा शंभर गाड्या मोजा आणि तोच तक्ता भरून अभियंत्याला, पोलिसांना, दुकानदारांना, शाळेला द्या. वेग उतरला असेल तर पुढच्या चौकाचा अर्ज लिहिणं सोपं जातं. उतरला नसेल तर काय राहिलं ते शोधायचं. आमच्याकडे दोन क्रॉसिंगमधलं अंतर जास्त होतं, मधल्या पट्ट्यात गाड्या पुन्हा जोर पकडत होत्या.

आणि झेब्राचे पट्टे. साध्या रंगाचे पट्टे एका पावसाळ्यात जातात, थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे गरम वितळवून ओतलेल्या जाड रंगाचे, बरे टिकतात, पण रस्त्यावर नवा डांबराचा थर आला की तेही त्याखाली जातात. उंचावलेल्या क्रॉसिंगचंही तेच: दोनदा डांबर चढलं की उंचवटा संपतो. त्यामुळे रस्त्याचं डांबरीकरण जाहीर झालं की त्याच दिवशी, आधीचा थर खरवडून मगच नवा टाकावा आणि पट्टे पुन्हा मारावेत, असा दोन ओळींचा अर्ज द्या. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर दर वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी एवढंच लिहिलेलं आहे: पट्टे बघणे, जाळ्या मोजणे, सिग्नलचे सेकंद मोजणे. गेल्या वेळी सेकंद मोजायला आजीच आल्या होत्या, दुधाची पिशवी घेऊन.